जिवलीची तीन बोटं

चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी धरण आहे आणि त्यावरची झाडून सगळी जाळी जिवलीच्या हातची. दोन वर्षांपूर्वी सासूचे डोळे गेले तेव्हापासून विणायचं काम तिच्याकडे आलं. चुलीवर भाकरी करपली तर करपली, पण गाठ चुकायची नाही.

नियम तिच्या नवऱ्याचा, धरणावरच्या मासेमारांचा म्होरक्या सिंगाचा. जाळ्याच्या भोकातून तीन बोटं गेली पाहिजेत, म्हणजे लहान मासा निसटेल, वाढेल. नियम सोन्यासारखा. तरी दोन वर्षं झाली, श्रावणात सोडलेली कटल्याची पिल्लं मोठी म्हणून होईनात. मरळ तर दिसेनाशीच झाली. चार घरं मजुरीला सुरतेला गेली आणि पाचवा नंबर जिवलीच्या घराचा होता.

"कोनीतरी चोरून बारीक जाळं टाकस," सिंगा म्हणायचा, आणि त्याचा डोळा धरणावरच जाळं टाकणाऱ्या अभिमनवर. अभिमन पेटला. भर बैठकीत त्यानं आपलं जाळं आणून सिंगापुढे आपटलं.

सिंगानं बोटं घातली. दोनच गेली.

"हाई जाळं कोनी विनं?"

सगळ्यांना एकदम आपापले पाय बघावेसे वाटले. जिवली गप्प बसली असती, तर सगळं अभिमनवर शेकलं असतं. ती उठली, आपली तीन बोटं भोकात घातली. सहज गेली. काडीसारखी बोटं तिची.

"तीन बोट कोना? मना का तुना?"

लोक हसले. सिंगा हसला नाही. जिवलीला मात्र धरणी दुभंगावी असं झालं. दोन वर्षं गावाचा घास आपणच अडवला, हे तिच्या काळजाला लागलं.

सिंगानं विळा घेतला आणि आधी स्वतःचं जाळं कापलं. मग जिवलीनं त्याची तीन बोटं मापून बांबूची पट्टी तासली. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, ते सगळे दिवस ती त्या पट्टीवर विणत बसली. दोरा अभिमन आणून देई, कुरकुरत का होईना.

पुढच्या पावसाळ्यात काठाशी पाण्यावर लालसर ठिपका हलताना तिला दिसला. मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, आणि खाली पहारा देणारी आई. वरच्या अंगाला कटला उसळत होता, चांगला हातभर.

सिंगानंही ते पाहिलं. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "सुरतवालास्ले फोन लाव. म्हन, जाळा तयार शेतस."