लसणीचं तेल

लसूण घालून तापवलेल्या तेलाचा वास आला की मला पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या घरातला बाबांचा पलंग आठवतो. स्ट्रोकने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. "मालिश करो भाभी, हाथ में जान आएगी," असं शेजारणीने सांगितल्यापासून आई रोज सकाळी त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन कोमट तेल चोळायची. बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "भरून येतंय त्यांना," म्हणत ती आणखी मायेने चोळायची. मग एकदा डॉक्टरांनी त्या हातावरून नुसता कापूस फिरवला, तर बाबांचा चेहरा पिळवटला. "काकू, स्ट्रोकनंतर काहींना असं होतं. नुसता स्पर्शही भाजल्यासारखा लागतोय त्यांना." आई तेलकट हात गाऊनला पुसत राहिली. गोळ्या सुरू झाल्या, वाढल्या, बदलल्या, पण ती आग पूर्ण विझली नाही. त्यानंतर आई पलंगाशी बसायची ती स्वतःचे हात मांडीखाली दाबून. एका सकाळी बाबांनी चांगल्या हाताने तेलाची वाटी तिच्याकडे सरकवली. ती उठून आत गेली. आता आईचे गुडघे धरतात. मी तेल लावायला बसलो की ती पाय आखडून घेते आणि दुखतंय का विचारलं तर नाही म्हणते.