स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यावरचं ऊन

घरटं पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ओरडलेच. सरांनी मला दंडाला धरून खाली बसवलं. सरांनी मला शाळेत गणित शिकवलं होतं. ते निवृत्त झाले, मी विम्याच्या ऑफिसात लागले, आणि दोघांनाही एकाच वर्षी पक्ष्यांचं वेड लागलं. दर रविवारी पहाटे मंगळवार पेठेतून माझी स्कूटर निघायची, मागे सर, त्यांच्या गळ्यात दुर्बीण.

पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका ओढ्याकाठी, जांभळीच्या खालच्या फांदीवर वाटीएवढं घरटं होतं. त्यात स्वर्गीय नर्तकाचा नर अंडी उबवत बसला होता. काळं तुरेदार डोकं, बाकी अंग पांढरंशुभ्र, आणि शेपटीची दोन लांबलचक पिसं घरट्याबाहेर लोंबत होती. वारा आला की ती हलायची. मी मोबाइलवर लांबूनच एक फोटो काढला.

तो फोटो घरी आल्यावर पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. चप्पलसुद्धा काढली नव्हती. जागेचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. पण घरट्याच्या मागे शेतातली पाण्याच्या मोटारीची निळी खोली दिसत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पुढच्या रविवारी त्या निळ्या खोलीपाशी पाच गाड्या उभ्या होत्या.

सात-आठ जण ट्रायपॉड लावून घरट्यापासून चार-पाच पावलांवर उभे होते. अंड्यांतून तीन पिल्लं बाहेर आली होती. घरट्यावरची एक फांदी सुतळीनं मागे ओढून बांधली होती, दोन डहाळ्या तोडून खाली टाकल्या होत्या. नऊचं ऊन थेट घरट्यात पडत होतं. तांबूस मादी चोचीत किडा धरून समोरच्या झाडावर नुसती इकडून तिकडे करत होती.

"फांदी कुणी बांधली?" सरांचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला.

"मी बांधली," सगळ्यात मोठ्या लेन्सवाला म्हणाला. पन्नाशीचा माणूस, इचलकरंजीत त्याचे माग होते. "तोडलं मी न्हाय काही. पाच मिनिटं थांबा की सर. अंधारात निघालोय घरातनं."

"अहो, ती मादी घरट्याकडं यायला घाबरतेय, दिसत नाही का?" मी म्हणाले.

"ताई, तुमचा फोटो बघूनच तर आलोय आम्ही! निळी खोली ओळखली आणि आलो. तुम्ही बघितलं की छंद, आम्ही बघितलं की गुन्हा व्हय?"

माझे कान तापले. "चुकलं माझं," मी म्हणाले, "पण आता ते ऊन तरी झाका."

"पिल्लं मजेत हायत. बघा, कशी चोची उघडून खायला मागत्यात!" त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला.

सरांनी चष्मा वर करून तो पडदा नीट पाहिला. मग अगदी हळू म्हणाले, "ही भूक नाही. आईबाप जवळ नसताना चोची कशा उघड्या राहतील? धाप लागलीय त्यांना. ती भाजतायत."

तो माणूस पडद्याकडे पाहत राहिला. पुढचा फोटो, त्याच्या पुढचा. सगळ्यांत तिन्ही चोची उघड्या. त्यानं कॅमेरा बंद केला.

एवढ्यात बांधावरून डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली शेताची मालकीण आली. "काय ओ पावणं? माझ्या जांभळीला म्हशीगत दाव्याला बांधलंय कशापायी?"

दोघे-तिघे कुरकुरत गाडीकडे निघून गेले. इचलकरंजीवाला मात्र पुढे झाला आणि त्यानं सुतळी सोडली. फांदी जागेवर आली, तरी तोडलेल्या डहाळ्यांच्या जागी उन्हाचा मोठा कवडसा उरला. मालकिणीनं भारा टाकला, शेजारच्या करंजाची पानांनी भरलेली फांदी मोडून त्याच्या हातात दिली. "हे बांधा तितं. बिगीबिगी!"

मागावर तुटलेला धागा जोडावा तशा त्यानं झटक्यात तीन गाठी मारल्या. घरट्यावर सावली पडली. मग आम्ही सगळे ओढा ओलांडून तिच्या गोठ्याच्या आडोशाला जाऊन बसलो.

मी घड्याळ बघत होते. दहा मिनिटं, पंधरा. मादी दिसेना. सर पुटपुटले, "येईल, येईल." आणि एकदम पांढरी रेघ ओढल्यासारखा नर आला! घरट्याच्या काठावर बसला, पिल्लाच्या चोचीत किडा कोंबला आणि उडाला. मागोमाग मादी. इचलकरंजीवाल्यानं माझा हात घट्ट दाबला, मग ओशाळून सोडला.

"आली की वो ताई, दोघंबी आली!" त्याचा कॅमेरा मांडीवर तसाच पडला होता.

पुढचे आठ दिवस मालकीण मला रोज फोन करायची. नवव्या दिवशी तिनं फोनवरच आरडाओरडा केला, "दोन उडाली! तिसरं फांदीवर बसलंय, ह्येबी उडतंय बघा!" मी ऑफिसात उभी राहून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मान वर केली, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

इचलकरंजीवाला आता कधी कधी आमच्याबरोबर येतो. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवावं की नाही, यावर सर आणि तो अजूनही भांडतात. परवा तर चहा गार होईपर्यंत भांडले.