सोजरबाईची मूठ

धम्मदीपनं सोजरबाईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उभ्या उभ्या झोपली आहे, असंच त्याला वाटलं. सकाळचे सात वाजले होते. केमच्या स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटरवर तिची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड. तिच्या जाळीला कान लावून, डोळे मिटून बाई उभी. कंपनीत सुपरवायझर म्हणून लागून धम्मदीपला जेमतेम आठवडा झालेला. तो खाकरला.

"झोपले न्हाय मी," डोळे न उघडता ती म्हणाली. "शिंका ऐकतीया."

"कुणाच्या?"

"तुज्या कंपनीच्या पाखरांच्या. गप हुबा ऱ्हा जरा."

त्याला चार हजार पक्ष्यांचा नुसता गलका ऐकू येत होता. तिनं मात्र बोटांवर सात शिंका मोजल्या आणि पदर खोचून बांधावरचा अडुळसा ओरबाडायला गेली. तो पाला बारीक चिरून, त्यात लसणाच्या चार पाकळ्या ठेचून, वर हळद टाकून तिनं खाद्यात कालवला. धम्मदीप बघतच राहिला. कंपनीच्या खाद्यात बाहेरचं काही मिसळायचं नाही, हे करारात ठळक अक्षरात लिहिलेलं होतं.

"मावशी, हे चालत न्हाय."

"चालत न्हाय तर वहीत लिव्ह. पर आदी च्या पी."

त्यानं चहा घेतला आणि वहीत काही लिहिलं नाही. पुढची दोन वर्षं हे असंच चाललं.

पिल्लं, खाद्य आणि लसी कंपनीच्या; शेड, पाणी आणि अंगमेहनत सोजरबाईची. बेचाळीस दिवसांनी गाडी येऊन पक्षी घेऊन जायची. मग शेड धुवायची, चुना मारायचा, नवं तूस अंथरायचं, की पुन्हा पिल्लं हजर. नवरा गेल्यापासून सात वर्षं ती एकटीच हे ओढत होती. एवढ्या वर्षांत कुणाच्या लग्नाला गेली तरी अक्षता टाकून, न जेवता माघारी. बसली की बसल्या जागी तिचा डोळा लागायचा आणि पाण्याच्या मोटारीचा आवाज बदलला की उघडायचा. बार्शीची लेक दर फोनला म्हणायची, शेड बंद कर आणि इकडं ये. जावई माणूस चांगला. पण सोजरबाईला लेकीच्या दारात म्हातारपण काढायचं नव्हतं. शेड चालू आहे तोवर केम, शेड बंद झाली की बार्शी, असा सरळ हिशेब होता आणि तो धम्मदीपलाही ठाऊक होता.

मग कंपनीचे डॉक्टर शिवराज एका बैठकीत म्हणाले, "गिऱ्हाईक आता औषधं न घातलेली कोंबडी मागतंय. झाडपाल्याचं काही करून बघू या. कुणाला माहिती आहे?"

धम्मदीपनं हात वर केला. सोजरबाईच्या शेडची मरतूक त्याच्या आठ शेडमध्ये सगळ्यांत कमी होती. तो तिच्याकडे गेला, ओट्यावर बसला आणि तिनं सांगितलं तसं लिहून घेतलं. अडुळसा, लसूण, हळद, थोडा शेवग्याचा पाला. पोत्याला एक मूठ. घाईत होता, पुढं अजून पाच शेड होत्या.

कंपनीनं सगळं वाळवलं, दळलं आणि पहिली भुकटी श्रीपूरच्या विजयमालाबाईंच्या शेडला दिली. तिसऱ्या दिवशी पक्ष्यांनी खाद्याला तोंड लावणं सोडलं. हगवण लागून खालचं तूस ओलं झालं. आठवडाभरात दीडशे पक्षी गेले आणि उरलेले वजनात मागं पडले. विजयमालाबाईंनी धम्मदीपला शेडच्या दारातच धरलं. "कुणा म्हातारीचं ऐकून माजी पाखरं मारलीस रं? तुज्या घरी खपलं असतं का असलं?"

ऑफिसात ठरलं की सोजरबाई गेली दोन वर्षं करार मोडून खाद्यात पाला घालते आहे, तेव्हा तिला पुढची पिल्लं द्यायची नाहीत. हे सांगायला धम्मदीपलाच पाठवलं.

ती रिकाम्या शेडला चुना मारत होती. त्यानं सांगितलं. तिनं ब्रश बादलीत ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"किती घातलं त्यांनी?" तिनं विचारलं.

"तुमी सांगितलं तेवढंच. पोत्याला एक मूठ."

"मूठ कशाची?"

"भुकटीची."

"वाळल्याली?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. "आरं बाबा, मी वला पाला घालते. तू रोज बघतुयास की! धा मुठी पाला वाळवावा तवा एक मूठ भुकटी हुती. आन् त्यो अडुळसा, कडूजहर. मानूस तरी खाईल का?"

धम्मदीपनं खिशातली वही काढली. पान सापडलं. 'एक मूठ' एवढंच त्याच्या अक्षरात. ओली की वाळलेली, त्यानं विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं, कारण पाला म्हणजे ओलाच, हे काय सांगायचं?

"मावशी, चूक माजी हाय."

"आता माजी म्हन न्हायतर तुजी म्हन. दमले मी," ती म्हणाली. "जाताना ती बादली तेवढी आत ठिव."

त्यानं बादली आत ठेवली. मोटरसायकलवर बसल्यावर त्याच्या मनात आलं की हे वहीतलं पान कुणीच मागितलेलं नाही. मागणारही नाही. वर्षअखेरीला त्याला सोलापूरच्या ऑफिसात घेणार होते; उन्हातान्हातल्या फेऱ्या सुटणार होत्या. टेंभुर्णीपर्यंत तो हाच विचार करत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते पान डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "लेखी द्याल?"

"देतो."

"सोलापूरचं राहील मग यंदा."

"माहीत हाय, सर."

त्यानं लिहून दिलं. श्रीपूरला जाऊन विजयमालाबाईंनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चहा विचारला नाही. सोजरबाईला पिल्लं मिळाली. अट एकच, खाद्यात बाहेरचं पानही पडता कामा नये. कागदावर सही करताना तिनं विचारलं, "आन् शिंकली तर?"

"मला फोन करा."

"तू येस्तवर पाखरू थांबतंय व्हय?" असं म्हणून तिनं सही केली.

सोजरबाई सध्या केममध्येच असते. शेडमध्ये सव्वीस दिवसांचे पक्षी आहेत. डावा गुडघा वाकत नाही, म्हणून खाद्याची पोती उचलायला तिनं शेजारच्या वस्तीवरची एक बाई लावली आहे.