शेंगा ओलांडताना

रविवार, सकाळ. हजर : आई, बाबा आणि याद्या करणारी मी.

बाबांना पार्किन्सन्स आहे. चालता चालता त्यांचे पाय मध्येच जमिनीला खिळतात. आजही ते स्वयंपाकघराच्या दारात असेच थांबले. मी हात द्यायला उठले, तर म्हणाले, "नको गं, माझं मला जाऊ दे."

तेवढ्यात आईच्या हातातून शेवग्याच्या शेंगा निसटल्या आणि बाबांच्या पायांपुढे आडव्या पसरल्या.

"अहो, पाय देऊ नका, आमटीच्या आहेत!"

"देतोय कशाला!" म्हणत बाबांनी एक शेंग ओलांडली, मग दुसरी, तिसरी, आणि थेट गॅलरी गाठली.

आम्ही दोघी बघतच राहिलो. ते पडू नयेत म्हणून मी त्यांच्या वाटेतली पायपुसणी, स्टुलं, चपला यादी करून हलवली होती. मोकळी वाट म्हणजे सोपी वाट, असं मी धरूनच चालले होते. त्यांच्या पायांना मात्र ओलांडायला काहीतरी हवं होतं. माझंही तसंच असावं. समोर कामं दिसली की मी चालते. त्या शेंगांचे मी मनोमन आभार मानले.

बाबांच्या फिजिओथेरपिस्टबाईंना फोन करून हे सांगितलं. "जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवा," त्या म्हणाल्या. दुपारपर्यंत घरातल्या लाल चिकटपट्टीचे आडवे तुकडे बाहेरच्या दारापर्यंत लागले. संध्याकाळी बेल वाजली, तेव्हा दार बाबांनी उघडलं. एकट्यांनी.

"आता लिफ्टपर्यंत लाव," ते म्हणाले.

बाहेरचा पॅसेज सोसायटीचा आहे. सेक्रेटरींना विचारायचं राहिलं आहे.