उलट्या पायऱ्यांची वसाहत

दुसऱ्या ओळीतल्या एकाही घराला पायरी नव्हती. मी टेप हातात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. नकाशात पायऱ्या पूर्वेला होत्या. इथं पूर्वेला नुसतं सपाट जोतं आणि पलीकडं हरभऱ्याचं रान. वळसा घालून मागं गेलो, तर काय! सगळ्या पायऱ्या पश्चिमेला, पहिल्या ओळीच्या तोंडासमोर. लोकांनी अख्खी ओळच फिरवून ठेवली होती.

"हे कुणाचं डोकं?" मी ओरडलो. माझा आवाज तेव्हा चांगलाच खणखणीत होता.

मी त्या वेळी गंगाखेडला ओव्हरसिअर होतो. ओव्हरसिअर म्हणजे इंजिनिअरच्या खालचा, गवंड्याच्या वरचा आणि दोघांचीही बोलणी खाणारा माणूस. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. भूमिहीन मजुरांना घर बांधायला अनुदान मिळू लागलं होतं. जागा ग्रामपंचायतीची, सामानाचे पैसे सरकारचे, मेहनत लोकांची. सगळ्यांनी मिळून सगळी घरं बांधायची आणि कुणाचं घर कोणतं ते शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. म्हणजे कुणी आपल्याच भिंतीत जास्त चुना ओतायला नको. पैसे एकदम मिळत नसत. जोतं झालं, म्हणजे पायापासून फरशीपर्यंतचं बांधकाम झालं, की एक हप्ता. भिंती झाल्या की दुसरा. छत चढलं की शेवटचा. दर टप्प्याला मी जाऊन मोजायचं आणि एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात, लिहायचं. नकाशाप्रमाणे काम नसेल तर लिहायचं नाही. मी लिहिलं नाही की हप्ता बंद.

आणि मार्च तोंडावर आला होता. मार्चअखेर हप्ता उचलला नाही तर पैसे परत जातात. पैसे परत गेले की पुढच्या पावसाळ्यापर्यंत छत नाही. लोकांनी जुन्या झोपड्या केव्हाच मोडल्या होत्या, त्यातली लाकडं नव्या घरांना वापरायची म्हणून. सगळे त्या जोत्यांवरच पालं ठोकून राहत होते.

माझा आवाज ऐकून गयाबाई आली. वस्तीतली बहुतेक घरं बौद्ध, दोन-चार इतर. बोलायचं काम सगळ्यांच्या वतीनं गयाबाईचं. डोक्यावर पाण्याचा हंडा, तो खाली न ठेवताच ती म्हणाली, "जय भीम साहेब. कशापायी ओरडायलाव?"

"बाई, ही ओळ उलटी बांधलीय तुम्ही!"

"उलटी कशी? शेजारनीच्या म्होरं शेजारीन. तुमच्या कागदात तर आमी शेजारनीची पाठ बघत जन्म काढायचा हुता. तसं आमाला जमायचं न्हाई."

"अहो, पण मंजूर नकाशा..."

"मंजूर करनारा इथं ऱ्हायला येनार हाय का?"

सरकारी नोकरीत उत्तर नसलं तरी टेप गुंडाळता येतो. तो मी गुंडाळला आणि सायकल मारत निघालो. गयाबाई मागून ओरडली, "साहेब, च्या तर घिऊन जावा!" संताप आला होता, पण चहा सोडण्याइतका नव्हता. परत फिरलो, प्यालो, मग गेलो.

आमचे डेप्युटी इंजिनिअर कुलथे साहेब. माणूस सरळ, पण कागदावरची एक रेघ हलली तरी त्यांना ताप यायचा. मी त्यांच्या टेबलावर काड्यापेट्या मांडल्या. एक ओळ इकडं, एक ओळ तिकडं.

"साहेब, हे असं आपल्या नकाशात. आणि हे असं लोकांनी केलंय." मी एक ओळ फिरवली. "घर तेच. खोली तेवढीच. जोत्याचं माप इंचभरही इकडं तिकडं नाही. मांडणीचा नकाशा तर आपल्याच सहीचा असतो. तुम्ही मनात आणलं तर..."

"मी मनात आणत नसतो, काळे. मनात आणलं की वरचे विचारतात, का आणलं." साहेबांनी एक काड्यापेटी उचलून विडी पेटवली. म्हणजे वसाहतीतलं एक घर कमी झालं. "पायऱ्या तोडायला लावा. पूर्वेला नव्या बांधा म्हणावं."

"लोक ऐकणार नाहीत."

"तुम्हाला ऐकवता येत नाही, असं म्हणा."

आता मात्र माझं टाळकं सटकलं. "मग तुम्हीच चला आणि ऐकवा!" मी म्हणालो. म्हणालो आणि जीभ चावली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, टोपी उचलली आणि ड्रायव्हरला हाक मारली.

भर दुपारी जीप वस्तीत पोचली. सगळी माणसं कामाला गेलेली, कुणी हरभरा काढायला, कुणी उसाच्या फडात. चिटपाखरू नाही. फक्त पहिल्या ओळीच्या मधोमध एका जोत्याच्या पायरीवर, सावलीत, धुरपताआजी बसलेली. पार वाकलेली म्हातारी. ना लेक, ना सून. कामाला जायचं अंग राहिलं नव्हतं. वस्तीतल्या बाया सकाळी आपापली लेकरं तिच्या भरवशावर सोडून जायच्या आणि तिची भाकरी वस्ती करायची, आज हिच्या घरची, उद्या तिच्या घरची. घराच्या यादीत तिचंही नाव होतं.

"आजी, लोक कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"कामाला गेलेत. तुमाला बी काई काम न्हाई का? उन्हाचं कुठं हिंडायलाव? बसा सावलीला."

साहेब बसले नाहीत. विटा भिजवायला खणलेल्या खड्ड्याजवळ उभं राहून ते मला नकाशा उघडून दाखवू लागले. पूर्व कुठं, पायरी कुठं, कलम कुठलं. त्यांचं बोलणं ऐन रंगात आलेलं आणि तेवढ्यात आजी कडाडली, "ओ टोपीवाले! धरा त्याला! धरा!"

दुसऱ्या ओळीतल्या पालातून एक नागडं पोर रांगत निघालं होतं. आमच्या पाठीमागून, सुसाट, थेट पाण्याच्या खड्ड्याकडं. मला दिसलं नव्हतं, साहेबांनाही नाही. साहेब वळले, नकाशा फेकला आणि अगदी काठावरून ते पोर उचललं. हुश्श! पोरानं साहेबांच्या गळ्याला मिठी मारली आणि त्यांचा पांढरा सदरा वरपासून खालपर्यंत भिजवला.

आजी हसली ती हसलीच. बोळक्या तोंडानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी तोंड फिरवून उभा राहिलो, नाहीतर माझी बदली पार येलदरीच्या धरणावर झाली असती.

साहेब पोराला घेऊन आजीजवळ आले. आता मात्र पायरीवर बसले. पोराला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "आजी, या वयात तुम्हाला इतक्या लांबचं दिसतं?"

"म्होरचं दिसतं की. समदी दारं म्होरं हायत. हितं बसलं की ह्या ओळीची लेकरं दिसत्यात, त्या बी ओळीची. कोन निघालं, कोन पडलं, कुत्रं कुनाच्यात शिरलं. तुमच्या कागदापरमानं बांधलं असतं तर मला तिकडच्या नुसत्या भिती दिसल्या असत्या. मंग पल्याडची लेकरं कोन बघनार? त्यांच्यासाठी दुसरी म्हातारी करा की मंजूर सरकारातून!"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं.

"काळे," ते म्हणाले, "मांडणीचा सुधारित नकाशा उद्या सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे. आणि आज आलोच आहोत तर टेप काढा."

मी टेप काढला. एक टोक मी धरलं. दुसरं टोक आणि ते पोर साहेबांनी धरलं.

हप्ता मार्चच्या आत उचलला गेला. मग काय विचारता! बाया कामावरून आल्या की चिखल तुडवायच्या, गडी भिंती चढवायचे. गयाबाई मला बघितलं की लांबूनच विचारायची, "साहेब, आज कुनीकडून उलटं दिसायलंय?" मृगाच्या आधी सगळ्या घरांवर छत चढलं.

चिठ्ठ्यांच्या दिवशी कुलथे साहेब स्वतः आले. घरांवर मी गेरूनं नंबर टाकले होते, पहिल्या ओळीला आधी, मग दुसरीला. दुसऱ्या ओळीचं शेवटचं घर पार ओढ्याच्या टोकाला. नियम सक्त होता की चिठ्ठीत निघेल तेच घर, अदलाबदल बिलकुल नाही.

एकेक चिठ्ठी निघत गेली. नाव घेतलं की टाळ्या. धुरपताआजी उठली, लटपटत आली, चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मी उघडली. सगळ्यात शेवटचा नंबर.

मला वाचवेना. पण वाचला. टाळी कुणीच वाजवली नाही. ओढ्याच्या टोकाला बसून तिला काय दिसणार होतं? समोरचा एक दरवाजा आणि बाभळी. आजीच म्हणाली, "असू द्या. घर हाय न्हवं? लय झालं." आणि पदर डोळ्याला लावला. गयाबाई पुढं झाली, "साहेब, माझं घ्या तिला, मी जाते वड्याला!" तिच्यामागं आणखी चार जणी उठल्या.

"अदलाबदल चालणार नाही," कुलथे साहेब म्हणाले. मला त्यांचा असा राग आला म्हणता!

साहेब उठले. सगळ्या घरांवरून एकदा नजर फिरवली. मग माझ्यावरच खेकसले, "काळे, हे नंबर कुणी टाकले? असे टाकतात? टोकाकडून मोजत यायचं असतं. या टोकाचं एक, त्या टोकाचं एक, असं करत मधे यायचं. शेवटचा नंबर मधे पाहिजे. पुसा सगळं!"

असा नियम मी तोवर ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. ओलं फडकं घेऊन मी सगळे नंबर पुसले आणि नव्यानं टाकले. जवळजवळ प्रत्येकाचं घर बदललं. तक्रार एकाचीही नाही. शेवटचा नंबर पहिल्या ओळीच्या मधोमध गेला, आजी त्या दुपारी बसली होती त्याच पायरीच्या घरावर. मग मात्र टाळ्या थांबेनात.

पुढं परभणीहून मोठे साहेब तपासणीला आले. घरं बघून खूश झाले, पण नंबर बघून गोंधळले. "हे असे कसे हो उड्या मारत गेलेत?"

"ती टेक्निकल बाब आहे, सर," कुलथे साहेब म्हणाले.

समोर पायरीवर आजी बसली होती. तिनं मोठ्या साहेबांना हाक मारली, "ओ, बूट जपून! पायात लेकरू हाय!"

नोकरीत पुढं मी पुष्कळ वसाहती आखल्या. गावात गेलो की नकाशा उघडायच्या आधी एक विचारायचो, दिवसा इथं कोण बसतं? ते कळलं की पायऱ्या कुठल्या बाजूला काढायच्या, हे फार शोधावं लागत नाही.