सासूबाईंनी तपासलेला निबंध

एम. ए.चा शेवटचा पेपर माझा मागच्या वर्षी राहिला होता. यंदाही राहिला तर पुस्तकं माळ्यावर टाकीन, असं मीच घरात ठणकावून बसले होते. चाळिशीतल्या बाईनं असल्या घोषणा करू नयेत, घरचे बरोबर लक्षात ठेवतात. पेपर असा होता: एक लघुकादंबरी आणि तिच्यावरून निघालेला सिनेमा, दोन्हींतली नाती ताडून बघत निबंध लिहायचा आणि सोमवारी वर्गात वाचायचा.

दोन्हींत सासू-सून आहेत, आपल्याकडच्यासारखीच धानाची शेती आहे. कादंबरीतली सासू दिवसभर सुनेला बोलते. सिनेमातली शेवटी तिला पोटाशी धरून रडते, मागे बासरी वाजते. मी एका बैठकीत लिहून टाकलं: कादंबरीतली सासू कठोर, सिनेमातली प्रेमळ. झालं की!

वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. केशोरीत आमच्या घरी भर दुपारी सापडणारं माणूस एकच, सासूबाई. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून आधी मोबाइलवर सिनेमा दाखवला, मग तीन दुपारी बसून कादंबरी वाचली. सिनेमात धानाची रोवणी आली तशा त्या हातातलं सूप ठेवून हसत सुटल्या.

"काय वो हे! समोर चालून रोवून राहिल्या? आपलेच पऱ्हे तुडवतीन ना!"

रोवणीत बाया ओळीनं वाकून मागे मागे सरत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावतात, हे शूटिंगवाल्यांना कुणी सांगितलं नसावं.

मग मी निबंध वाचला. त्यांचं हसू थांबलं.

"कोन कठोर? पुस्तकातली? तुले वाचता येते का नाई? तो रोवणीचा भाग पुन्हा वाच."

वाचला. सासू सुनेशेजारी वाकून तिचा उद्धार करते आहे आणि मध्येच एक वाक्य आहे, सासूचा हात दरवेळी वीतभर पलीकडे जात होता. ते वाक्य मी पहिल्यांदा घाईघाईत ओलांडून गेले होते.

"पलीकडे कायले जाते हात? सुनेच्या वाट्याचं लावून राहिली ते. नाई तं सून मागं पडते अन् साऱ्या बाया हासतेत. तोंडानं बोलते ते बायांले ऐकू जावाले, हाताकडं कोनी पाहू नये म्हून. सिनेमातल्या सासूनं सुनेचं एक तरी रोप लावलं का? नुसती रडते."

"तुम्हाला कसं ठाऊक, आई?"

"मले नाई तं कोनाले? पहिल्या साली तुझं कोनं लावलं?"

मी गोंदियाची, दुकानदाराच्या घरची. पहिल्याच रोवणीत कुणाच्या मागे पडले नाही म्हणून "मम्मी, मैं तो एक दिन में सीख गई" असं माहेरी फोन करून सांगितलं होतं. वीस वर्षं ही फुशारकी पोरांनाही ऐकवली. शेजारी वाकलेल्या सासूबाई त्या दिवशी मला काय काय बोलल्या, तेवढं मात्र चोख ध्यानात ठेवलं होतं. लाज वाटली आणि हसूही आवरेना. स्वतःची हुशारी खोटी ठरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

निबंध फाडला आणि रविवारभर बसून नवा लिहिला. सोमवारी वाचून झाल्यावर सरांनी विचारलं, "हे मत कुठल्या समीक्षकाचं?"

"माझ्या सासूबाईंचं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "मग संदर्भयादीत त्यांचं नाव हवं. त्याशिवाय मी निबंध घेणार नाही."

घरी येऊन मी सासूबाईंना पूर्ण नाव विचारलं. त्यांच्या काळी लग्नात मुलीचं नावच बदलायचे. रेशनकार्डापासून आधारपर्यंत त्यांचं सगळीकडे सासरचंच नाव आहे.

"माहेरचं चालते का?" त्यांनी विचारलं. "माह्या बापानं ठेवलं ते."

"चालते," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. वीस वर्षांत मी ते नाव एकदाही ऐकलं नव्हतं. मोठमोठ्या विद्वानांच्या यादीत ते अकारविल्हे बसवून दिलं.

पेपर निघाला, चांगल्या गुणांनी निघाला. निबंध परत मिळाला तेव्हा सासूबाईंनी संदर्भयादीचं शेवटचं पान मागितलं. "कोन्तं हाय?" मी त्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला सारलं आणि आपलं ठेवलं.