गुरू स्थिर होईपर्यंत

विश्रामकाकांशी माझी ओळख भांडणातून झाली. डोंबिवलीत आमची भिंतीला भिंत लागून, आणि रोज दुपारी पलीकडून खर्र खर्र आवाज. दुपारची झोप मोडली की मी कोणाचीच नसते. एकदा तणतणत गेलेले, तर दार सुमतीकाकूंनी उघडलं. "ये ऋजुता, तूच सांग त्यांना. लग्नात होमाभोवती फिरताना कंटाळलेले, आता वर्षभर काचेभोवती फिरतायत."

आत रंगांच्या कारखान्यातून रिटायर झालेला हा माणूस बनियनवर, पिंपावर एक जाड काचेची तबकडी ठेवून तिच्यावर दुसरी घासत होता. मधे पाणी आणि करकरीत पूड. थोडं घासायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायचं. असं महिनोन्‌महिने केलं की वरची काच खोलगट होते, तिला चकचकीत मुलामा दिला की झाला दुर्बिणीचा आरसा. हे सगळं काकांनी मला इतक्या प्रेमाने सांगितलं की भांडायचं राहूनच गेलं. पुढे त्यांच्या आकाश बघणाऱ्या मंडळींत मीही ओढली गेले. मला थंडी अजिबात सोसत नाही, तरीही.

दिवाळीनंतर काकांचे हात थरथरायला लागले. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेवटचं पॉलिश त्यांनी कोपरं पिंपावर टेकवून कसंबसं पुरं केलं. "हा फसला तर दुसरा व्हायचा नाही," ते मला सहज बोलावं तसं म्हणाले. मला मात्र ते दिवसभर पुरलं.

संक्रांतीनंतरच्या अमावस्येला आम्ही आंबिवलीच्या पुढे, कुंडलिक पाटलांच्या कापणी झालेल्या शेतात जमलो. माजिवड्याहून झेवियरकाका आलेले, कारखान्यातले जुने दोस्त, आपली विकतची दुर्बीण घेऊन. "माझी दुकानातली, तुझी हातची. बघू कोण जिंकतो," ते म्हणाले.

अंधार पडता पडता काकांनी आपली दुर्बीण उभी केली. लांबलचक नळकांडं आणि त्याच्या बुडाशी तो आरसा. काच बाहेरच्या हवेइतकी गार झाल्याशिवाय चित्र नीट दिसत नाही, म्हणून तिला तशीच सोडून आम्ही बांधापलीकडे चहाला गेलो. मग काकूंनी गरमागरम मसालेभात वाढला. जेवलो आणि पहिली नजर गुरू ग्रहावर.

काका डोळा लावून बराच वेळ वाकून राहिले. मग बाजूला झाले. "झेवियर, तू बघ."

झेवियरकाकांनी पाहिलं आणि मला पुढे केलं. मग मी पाहिलं. झेवियरकाकांच्या दुर्बिणीत गुरू छान गरगरीत दिसत होता, पट्ट्यांसकट. इथे नुसता पिवळट गोळा, कडा उकळल्यासारख्या, सगळाच्या सगळा थरथरणारा.

"हाताचं कापरं काचेत उतरलं," काका म्हणाले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसले. मला भयंकर राग आला. कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून थंडीवर काढला. चटईवर काकूंची गोधडी पडली होती, ती ओढून अंगाभोवती घेतली. तर काय, आत चांगली ऊब आणि मसालेभाताचा घमघमाट.

"काकू, हिच्यात काय गुंडाळलेलं?"

"भाताचा डबा गं. दुर्बिणीच्या बुडाला टेकवून ठेवलेला, आणि दोघांवर मिळून ही गोधडी. तुम्ही चहाला गेलेलात तेव्हा. दव पडत होतं ना. म्हटलं, एवढी मरमर करून केलेली काच, तिला गारठा बाधायला नको."

काका उठले. नळकांड्याच्या बुडाला तळवा लावून पाहिला. "सुमती, बाळंतिणीसारखी शेकलीस की गं तिला."

झेवियरकाका पोट धरून हसले. काकू रडवेल्या झाल्या. "मला काय ठाऊक? मला कधी सांगितलंत तुम्ही?"

"नाही सांगितलं," काका म्हणाले. "गरम तव्यावरची हवा हलते ना, तसं होतं ते. पण नुसतं तेवढंच असेल कशावरून? कापरंही असेल."

मग काच गार होईपर्यंत थांबणं आलं. तिळाच्या लाडवांचा डबा उघडला, पण कोणी हात घातला नाही. मी मनातल्या मनात त्या काचेच्या विनवण्या करत होते, याची मला लाज नाही.

शेवटी काकांनी बुडाला पुन्हा तळवा लावला. "झाली गार. सुमती, तू बघ. माझ्याने होत नाही."

काकू वाकल्या. "दोन पट्टे आहेत," त्या हळू म्हणाल्या. "आणि बाजूला ओळीत चार ठिपके."

"ते चंद्र त्याचे. हलतायत?"

"नाही हो. सगळे जागच्या जागी आहेत."

मला रडू आलं. काका लगबगीने पुढे झाले, आधाराला हात नळकांड्यावर ठेवला, आणि चटकन मागे सरले. हाताबरोबर सगळं आकाशच हललं असणार. तेव्हा काकूंनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, घट्ट धरले आणि म्हणाल्या, "आता बघा."